दहा मोजायचे

भाऊबीजेच्या पहाटे काकड आरती संपली, रांग पुढं सरकली, मी पितळी उंबऱ्याजवळ पोचले आणि अंबाबाईला विचारलं, "बहिरी हायस काय गं?" चांगलं तोंडानं, मोठ्यानं. मी चपला घालून आत आल्यासारखं शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलं. त्याआधीचे चौऱ्याऐंशी दिवस मी देवीशी अगदी अदबीनं बोलत होते.

(आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. शाळेत शिकवते म्हणून लिहिताना हात आपोआप 'आले, गेले' करतो. पण देवीपुढं कधी 'आले' म्हटलेलं मला आठवत नाही. "आलो गं बाई" म्हणूनच उंबऱ्यापुढं उभी राहते.)

चौऱ्याऐंशी दिवस कशाचे, ते सांगायला हवं.

आबा, म्हणजे माझे वडील, शाहू मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. बेचाळीस वर्षं. गुळाचे सौदे निघाले की बोली पुकारायचं काम त्यांच्याकडं. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्पीजवळ उभं राहून ते आकडा उचलायचे, तो चढवत न्यायचे, मध्येच एखाद्या व्यापाऱ्याची टर उडवायचे आणि परत आकड्यावर यायचे. हळू आवाजात बोलणं त्यांना जमायचंच नाही. घरात गुपित म्हणून सांगितलेली गोष्ट उभ्या मारुती चौकापर्यंत ऐकू जायची. दर रविवारी जोतिबाला. एसटीत बसल्या बसल्या "जोतिबाच्या नावानं" अशी आरोळी ठोकायचे आणि अख्खी गाडी "चांगभलं" म्हणायची. आषाढीला नंदवाळच्या वाटेवर पुन्हा तोच आवाज, फक्त देव वेगळा.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी, जोतिबाला जायचं म्हणून आईनं पहाटे उठवायला हात लावला तर तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात गादीवर नुसता पडलेला. काहीतरी सांगायला बघत होते आणि "ब, ब" एवढंच येत होतं. दादानं गाडी काढली, वीस मिनिटांत दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "सुरू कधी झालं?" मेंदूतली गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन असतं, ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आबांना झोपेत झटका आला होता. रात्री अकराला की पहाटे चारला, कुणाला माहीत? आई शेजारीच झोपली होती. ती अजून स्वतःला तेच विचारते.

डावा मेंदू. म्हणून उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बरोबरच्या कागदावर 'अफेझिया' लिहिलं होतं. तोपर्यंत मला वाटायचं की लकव्यात जीभ जड होते म्हणून माणूस नीट बोलत नाही. इथं जीभ ठीक होती. शब्दच सापडत नव्हता. पाणी हवं असेल तर 'पाणी' कुठं ठेवलंय तेच विसरल्यासारखं. आबांना समोरचं बरंचसं कळत होतं, आपल्याला बोलता येत नाही हेही कळत होतं. ते डोळ्यांत दिसायचं आणि बघवायचं नाही.

दवाखान्यातल्या तिसऱ्या रात्री मी डायरीच्या शेवटच्या पानावर नवस लिहायला घेतले. आबांची वाचा परत येऊ दे, अंबाबाईला साडीचोळी आणि नारळानं ओटी. पुढच्या आठवड्यात त्यात जोतिबा आला: पायथ्यापासून अनवाणी डोंगर चढेन. मग नृसिंहवाडीला अभिषेक. मग सोळा शुक्रवार, मग चहा सोडला. (चहा सोडणं हा सगळ्यात मोठा नवस होता. ज्यांनी मला सकाळी सातच्या आत पाहिलंय त्यांना कळेल.) रोज पहाटे चारला उठून, अंधारात बिनखांबी गणेशावरून महाद्वार रोडला लागायचं, दुकानं बंद, कुत्री झोपलेली, फुलवाल्या बायका नुकत्या टोपल्या मांडत असलेल्या. आरतीला उभं राहायचं, डायरीतलं पान मनात वाचून दाखवायचं, साडेसहाला घरी, आबांचं सगळं आवरायचं आणि शाळा.

आता आठवलं की हसू येतं. आबांच्या यार्डात गिऱ्हाईक भाव चढवतं, इथं मीच एकटी चढवत होते. साडी, अधिक डोंगर, अधिक अभिषेक, अधिक चहा. समोरून बोलीच नाही. माल पडून.

सल्ले देणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. साडेसाती आहे म्हणणारे, जुना नवस फेडायचा राहिलाय म्हणणारे. एका नात्यातल्या बाईंनी तर आबांच्या खाटेशेजारी बसून, त्यांना सगळं ऐकू येतंय याचा विचार न करता, "मागच्या जन्मीचं असतंय बाई" असं म्हटलं. त्यांना मी चहा विचारला नाही. आमच्याकडं हा मोठाच अपमान. आईच्या मावसभावांनी, ते कीर्तनाला जातात, तुकोबांचा दाखला दिला: वह्या इंद्रायणीत बुडवल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर बसले, तेराव्या दिवशी वह्या वर आल्या. धीर धर म्हणाले. मी धरला होता की. आमचे तेरा दिवस झाले तेव्हा ऑगस्टही संपला नव्हता. पण हल्ली वाटतं की ती गोष्ट आपण नेहमी तेराव्या दिवसापासून सांगतो. सहाव्या दिवशी काठावर काय चाललं असेल? आठव्या? माणूस काय मनात घेऊन बसला असेल, ते कुणी कीर्तनात सांगत नाही.

दादाचा देवावर विश्वास नाही. तो फक्त एवढंच म्हणायचा, "तू झोप जरा. देवी पळून जात नाही." तेव्हा याचाही राग आला होता.

दिवाळीच्या पाडव्याला यार्डात गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त असतो. त्या दिवशी दुकानाचे मालक स्वतः घरी आले. एक लहान रवा, हार, पेढे. "दिवाणजी, तुमच्याशिवाय मुहूर्त कसला?" असं म्हणून त्यांनी रवा आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी डावा हात त्याच्यावर ठेवला, आणि तोंड उघडलं. बोली पुकारताना उघडायचे तसं, मान जरा वर करून. आवाज आला नाही. आला तो "ब". मालक उठून बाहेर गेले, चपलांपाशी बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ते "बहिरी हायस काय गं" त्या दिवशीचं.

माझी अपेक्षा होती की आपल्याला भीती वाटेल. तसं काही झालं नाही. उलट घरी येताना तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं, आणि बिनखांबी गणेशाजवळच्या टपरीवर मी चहा घेतला. एक कट, मग अजून एक. नवस मोडला म्हणून जे व्हायचं ते होऊ दे. जनाबाईनं विठ्ठलाला काय कमी शिव्या घातल्यात? आणि तो तर तिच्याबरोबर दळायला बसायचा म्हणतात. माझ्याबरोबर पहाटे चारला आबांचं अंथरूण बदलायला कुणी आलं नव्हतं, मग मला दोन शब्द बोलायचा अधिकार नाही का?

त्यानंतर आठवडाभरानं किरणोत्सव आला. बाहेरगावच्यांसाठी सांगते: आमची अंबाबाई पश्चिमेला तोंड करून उभी आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला, मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. किरणं कुठवर आली हे लोक क्रिकेटच्या धावा सांगाव्यात तसं सांगतात. गरुड मंडप झाला, गणपती चौक झाला, कासव चौकात आली, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन. पण दरवेळी पोचतातच असं नाही. ढग येतात, हवेत धूळ किंवा दमटपणा असतो, वाटेत कुठं बांधकाम आडवं येतं. मग किरणं निम्म्या वाटेतच फिकी होऊन जातात.

मी दुसऱ्या दिवशी गेले. शाळा सुटल्यावर थेट. आत दिवे मालवलेले, सगळ्यांची तोंडं फरशीकडं. उन्हाची पट्टी आली, गणपती चौक ओलांडला, कासव चौकात आली. कुणीतरी पुटपुटत होतं, "ये, ये, ये." पट्टी पितळी उंबऱ्यापाशी आली आणि तिथंच विरली. पश्चिमेला ढग. पाच मिनिटं कुणी हललं नाही, मग दिवे लागले. माझ्या पुढं एक म्हातारी होती, नऊवारीतली, हातात पिशवी. तिनं पिशवी उचलली, जागेवरूनच हात जोडले आणि सुनेला म्हणाली, "चल. आता जानेवारीत."

एवढंच. एसटी चुकल्यावर म्हणतात त्या आवाजात. मला ते तेव्हा फार लागलं वगैरे नाही, उलट राग आला की हिला वाईट कसं वाटत नाही. पण डोक्यातून गेलं नाही.

त्याच सुमारास शाळेतल्या एका सहकारी बाईंनी, त्या ख्रिस्ती आहेत, दर रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चला जातात, मधल्या सुट्टीत मला लूकच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगितली. एक न्यायाधीश होता. देवाला भीत नव्हता, माणसांना जुमानत नव्हता. एक विधवा रोज त्याच्याकडं जायची, मला न्याय द्या म्हणायची. शेवटी तो वैतागला आणि म्हणाला, ही माझा जीव खाईल, हिला न्याय देऊन टाकू. बाई म्हणाल्या, असल्या माणसानंसुद्धा ऐकलं, तर देव का नाही ऐकणार, असा तिचा अर्थ. मी म्हटलं, तिनं किती वर्षं खेपा घातल्या ते लिहिलंय का? त्यांनी आठवून बघितलं. नव्हतं लिहिलेलं. पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हा त्याच बाई स्टाफरूममध्ये पेढा देत म्हणाल्या, "बघा, मिळाला विधवेला न्याय." वकिलांनी आणि लोकांनी चाळीसहून अधिक वर्षं मागणी लावून धरली होती. आणि ती तर माणसांनी माणसांना द्यायची गोष्ट.

एका डॉक्टरांनी सहा महिन्यांत येईल ते येईल, पुढचं विसरा, असं सांगितलं होतं. स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी ते मान्य केलं नाही. सुरुवातीचे महिने जास्त मोलाचे हे खरं, पण नंतरही हळूहळू येतं म्हणाल्या. आठवड्यातून दोनदा यायच्या. बरोबर चित्रांची पुठ्ठ्याची कार्डं: कप, चावी, गाय. पहिल्याच दिवशी त्यांनी आबांच्या आधी आम्हालाच झापलं. "तुम्ही विचारता आणि तुम्हीच उत्तर देता. आबा, चहा पाहिजे? हां, चहा पाहिजे. आबा, दुखतंय? नाही ना दुखत. त्यांना शब्द शोधायला वेळ लागतो. विचारलं की मनात दहा मोजायचे. गप्प बसायचं. त्यांच्या तोंडाकडं बघायचं."

दहा मोजणं किती अवघड असतं, करून बघा. चाराला घसा खवखवायला लागतो. सहाला वाटतं आपण किती निर्दयी आहोत. आई तर पाचाच्या पुढं कधी गेलीच नाही, कप नेऊन तोंडाला लावायची. मी हट्टानं दहा मोजायची. बऱ्याचदा दहानंतरही काही यायचं नाही. पण त्या दहात आबा माझ्याकडं बघायचे आणि मी त्यांच्याकडं, आणि मला एकदम उमगलं की आजारपणाच्या सगळ्या महिन्यांत, सगळं करताना, मी त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. त्यांच्या कपड्यांकडं, गोळ्यांकडं, नळीकडं, घड्याळाकडं बघत होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी आई देवघरात दिवा लावत होती. जोतिबाच्या टाकाला गुलाल लावताना सवयीनं म्हणाली, "जोतिबाच्या नावानं..."

"चांगभलं!"

खोलीतून. आबांच्याच आवाजात, एसटीतल्या.

आईच्या हातातली गुलालाची वाटी पडली. अजून त्या फरशीच्या फटीत गुलाबी रंग आहे. दादा, देव न मानणारा, न्हाणीघरातून तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आला आणि आबांच्या पायाशी बसून रडला. गल्लीतली चार माणसं जमली. आई दिवसभर म्हणत होती, जोतिबा पावला.

आणि मग कळलं की एवढंच आलंय. चहा हवा? चांगभलं. नको? चांगभलं. पाय दुखतोय? चांगभलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, "चांगभलं." वैतागले की तोच शब्द दात खाऊन, हसले की तोच लाडात. मॅडमनी समजावलं की असं होतं. हजारो वेळा तोंडून गेलेले शब्द, आकडे, वार, आरत्या, हे विचार करून बोलायच्या वाटेनं येत नाहीत. ते वेगळीकडून येतात, चालीतलं तर बरंच उजव्या बाजूनं, आणि ती बाजू शाबूत आहे. त्यांनी आबांना विठोबाची आरती लावायला सांगितली. मी सुरू केली, टाळ्या वाजवत. दुसऱ्या ओळीपासून आबा बरोबर. शेवटपर्यंत. ज्या माणसाला 'पाणी' म्हणता येत नव्हतं त्यानं अख्खी आरती म्हटली, एक शब्द न चुकता, आणि आरती संपल्यावर माझ्याकडं बघून "ब" म्हणाले.

त्या रात्री मी पुन्हा चिडले. मी मागितलं होतं बोलणं. साधं, घरातलं. मीठ कमी आहे, पंखा लाव, तुझी शाळा कशी आहे. आणि मिळालं काय, तर देवाचंच नाव. याला उत्तर म्हणायचं की चेष्टा? आईला हा प्रश्नच पडला नाही. मॅडमनी मेंदूचं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणालीया?" या दोघींचं भांडण नाही हे बघून मी गप्प बसले. माझं अजून पूर्ण मिटलेलं नाही.

पहाटेचं जाणं मी थांबवलं नव्हतं. डायरीचं पान मात्र वाचून दाखवायचं बंद केलं. आरती झाली की दीपमाळेजवळ फरशीवर बसायची. एकदा गंमत म्हणून देवीसाठीही दहा मोजले. बोला बाईसाहेब. एक, दोन, तीन... दहा. मग अकरा, मग वीस. साठाच्या आसपास आकडे चुकले. काही आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. उजेड नाही, शांती नाही, अंगावर काटा नाही. बूड गार पडलं, कारण जानेवारीतली फरशी. पण दुसऱ्या दिवशी मी परत मोजायला बसले. आबांच्या खाटेशेजारी बसायची तशीच. नंतर नंतर तर, इथं बसलेय की घरी आबांजवळ, यात मला फार फरक राहिला नाही. दोघंही बोलत नव्हते आणि दोघांनाही सोडून उठावंसं वाटत नव्हतं. कधीकधी मध्येच शाळेच्या पेपरांचा विचार यायचा, गॅस संपत आलाय याचा यायचा. येऊ दे.

जानेवारीच्या किरणोत्सवाला आकाश स्वच्छ होतं. पट्टी उंबरे ओलांडून गेली, चरणांवर पोचली, घंटा झाली, लोकांनी "उदं गं अंबे उदं" केलं. मला वाटलं होतं आता भरून येईल. मला भूक लागली होती. बाहेर येऊन गंगावेशीला दूध कट्ट्यावर समोर म्हशीचं काढलेलं दूध पेलाभर प्यायले आणि आबांसाठी बाटलीत भरून घेतलं. त्या म्हातारीला गर्दीत शोधलं होतं. दिसली नाही.

आता आबा काठीनं चालतात, डाव्या हातानं जेवतात. आपणहून येणारे शब्द मी डायरीत लिहून ठेवते, शेवटच्या पानावर, नवसांच्या खाली. अकरा झालेत. त्यात 'आई' आहे, पण ते माझ्या आईला म्हणतात. 'गूळ' आहे. 'हट' आहे, तो दादासाठी. माझं नाव नाही. मॅडम महिन्यातून एकदा येतात. 'पाणी' अजून चुकतं, कधी येतं, कधी त्याच्या जागी 'चांगभलं'.

प्रश्न साडीचा आहे. नवस वाचा परत येण्याचा होता. आली का? अकरा शब्द आणि एक आरती म्हणजे वाचा का? मी महाद्वार रोडवरून साडी घेऊन ठेवलीय, हिरवी, जरीकाठाची. चार महिने कपाटात आहे. आई म्हणते, देऊन टाक, देवाशी हिशेब करायचा नसतो. दादा म्हणतो, अकरा शब्दांना नऊवारी जास्त झाली, रुमाल दे. सहकारी बाईंना विचारलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, आमच्यात साडी नसते.

परवा शुक्रवारी साडी काढून आबांच्या मांडीवर ठेवली. विचारलं, "आबा, देऊ का आता? का थांबू?"

आणि दहा मोजायला लागले. त्यांनी डाव्या हातानं जरीकाठ चाचपला, माल बघतात तसा, अंगठ्यानं. सातापर्यंत काठाकडं बघत होते. आठाला माझ्याकडं बघितलं. मान जरा वर केली.

"चांगभलं," म्हणाले.